सातव्या दारातलं 'आम्ही'

"हा काळोखराजा सारखा हसतो का? त्याला दुसरं काही काम नाही?" आत्याने विचारलं.

तिच्या हातात कंट्रोलर होता आणि कानावर लाल पेन्सिल. पस्तीस वर्षं तिने छापखान्यात प्रुफं तपासली होती. भाचीने बोलावलं होतं ते गेममधल्या संवादांचे ऱ्हस्व-दीर्घ बघायला. पण संवाद वाचायचे तर खेळावं लागतं, आणि एकदा खेळायला बसल्यावर बाई काही उठायला तयार नव्हत्या. तीन तास झाले. चहा दोनदा गार झाला.

भाची म्हणजे गोष्टवाली. शेजारच्या खुर्चीत तिचा भागीदार, बटणवाला. गोष्ट ती लिहायची, पात्रं हा पळवायचा. या एका खोलीत दोघांनी तीन वर्षं घातली होती. गेल्या वर्षी स्पर्धेतून गेम परत आला, वर शेरा : 'खेळायला मजा येते, गोष्ट बरी, खलनायक पुठ्ठ्याचा.' यंदाही परत आला तर खोलीला कुलूप लावायचं आणि आपापल्या नोकऱ्या शोधायच्या, असं ठरलेलं. मुदत आज संध्याकाळी पाचची. दोन वाजले होते आणि खलनायक अजून पुठ्ठ्याचाच होता.

पडद्यावर आत्याची दिवेवाली पोरगी मनोऱ्याच्या सातव्या दाराशी पोचली. सोबत नेहमीप्रमाणे तेलवाला, तिच्या कंदिलात तेल घालणारा जिवाभावाचा सोबती. त्याने मागे वळून बघितलं आणि खाली अक्षरं उमटली : 'घाबरू नकोस. आता आम्ही जिंकणार.'

आत्याने खेळ थांबवला. कानावरची पेन्सिल हातात आली.

"आम्ही?"

"चूक आहे ती," बटणवाला घाईने म्हणाला. "हिला ताप होता त्या आठवड्यात मीच टाकली ती वाक्यं. 'आपण' हवं तिथे. लगेच बदलतो."

"हात लावू नकोस." आत्याने पेन्सिल पडद्यावर टेकवली. "सहा दारं हा 'आपण, आपण' करत आला. 'आपण' म्हटलं की त्यात ही पोरगी आली. 'आम्ही' म्हटलं की ही बाहेर. मग हा कोणाच्या बाजूने बोलतोय?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आणि मला एक सांगा, दर वेळी हा तेल घालतो आणि लगेच ते काळे कुत्रे कसे टपकतात?"

"लढाईआधी तेल द्यावंच लागतं, आत्या. नाहीतर खेळणारा मरतो," बटणवाला म्हणाला आणि मध्येच थबकला. "थांबा. तेलाने कंदिलाची ज्योत मोठी झाली की ती लांबून दिसते. कुत्र्यांना."

गोष्टवाली ताडकन उठली. "म्हणजे हाच बोलावतो त्यांना. पहिल्या दारापासून! अरे, तीन वर्षं हा माणूस आपल्या नाकासमोर उभा आहे आणि आपण त्या हसऱ्या बुजगावण्याला मिशा लावत बसलोय."

मग जी धांदल उडाली तिला तोड नव्हती. काळोखराजाची हकालपट्टी झाली. सिंहासन रिकामं ठेवायचं, तेलवाला सावकाश जाऊन त्यावर बसेल.

"हा तरी हसणार नाही ना?" आत्याने विचारलं.

"छे. नुसता हात पुढे करेल आणि म्हणेल, आण, कंदील आण, तेल घालतो."

आत्याने बाही वर करून हातावरचा काटा दाखवला. बटणवाल्याला तर भूतच चढलं होतं. आज नेमका इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, तो घामाने पार चुरगळला. शेवटची लढाई त्यानेच सुचवली. तेल नाकारायचं, कंदील स्वतःच्या हाताने विझवायचा आणि अंधारात नुसत्या पावलांच्या आवाजावर लढायचं. आत्या तीनदा मेली, चौथ्यांदा जिंकली, आणि खुर्चीतल्या खुर्चीत अशी उडाली की चष्मा टेबलाखाली गेला.

पाचला आठ मिनिटं कमी असताना गेम स्पर्धेला गेला.

गोष्टवालीच्या पोटात आनंद मावत नव्हता. ती वही ओढून लिहायलाच बसली. "यंदा घेतात की नाही बघच तू. आणि दुसऱ्या भागात तेलवाल्याचं लहानपण घेऊ."

"घ्या की," बटणवाला दाराशी बूट घालत म्हणाला. "तुम्ही मस्तच कराल."

कानावर ठेवायला उचललेली पेन्सिल आत्याने तशीच हातात धरली.

"तुम्ही?"

गोष्टवालीचं पेन थांबलं. तो नाडी बांधायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. चूक आहे, असं या वेळी तो म्हणाला नाही.