उसना फ्रॉक

"हात वर कर," विजयमालानं लेकीला दटावलं आणि तिच्या डोक्यातून फ्रॉक खाली ओढला. विटका, काखेत उसवलेला, घेर फाटलेला. संस्कृतीनं नाक मुरडलं. तिचे झालरीचे फ्रॉक आईनं पेटीत कोंबले होते. शिलाई मशीनवर गोधडी टाकली होती.

संस्थेच्या मॅडम पाथर्डीहून निघाल्याचा फोन आला होता. संस्थेमार्फत पुण्याचं एक कुटुंब संस्कृतीच्या शाळेचा खर्च करत होतं. संस्थेच्याच वर्गात विजयमाला शिवण शिकली, आणि आता आसपासच्या वस्त्यांचे ब्लाउज तिच्याकडेच येत. बरं चाललंय हे कळलं तर लेकीचं नाव कटेल, या धास्तीनं तिची झोप उडाली होती. पण फाटकं कापड घरात औषधालासुद्धा उरलं नव्हतं. गरिबी शेजारून मागून आणायची वेळ आली. शेजारच्या लंकाबाईचा लेक आणि सून ऊसतोडीला गेलेले. नात सुकन्या म्हातारीपाशी होती. तिच्या अंगावरचा फ्रॉक विजयमालानं घटकाभरासाठी मागितला. कशाला, हे म्हातारीनं विचारलंसुद्धा नाही.

मॅडम आल्या, खाटेवर टेकल्या. "शिवणकाम कसं चाललंय?"

"कुठलं वो मॅडम! गिऱ्हाईकच न्हाई. मशीन झाकूनच हाय."

मॅडमनी संस्कृतीच्या फ्रॉककडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. "मला वाटलं होतं, यंदा तुमचं भागेल. हिची जागा वस्तीतल्या दुसऱ्या लेकराला देता येईल. असो. राहू दे हिचंच नाव."

पहिला ब्लाउज जमला तेव्हा याच मॅडमनी तिची पाठ थोपटली होती. आज त्यांच्याच तोंडावर तिनं आपलं शिकणं वाया गेल्याचं सांगितलं. विजयमालाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडमची जीप गेली तशी ती फ्रॉक घेऊन लंकाबाईकडे धावली. सुकन्या आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कोपऱ्यात बसली होती. शाळेचा गणवेश बाहेर दोरीवर निथळत होता. आपल्या पेटीतला एखादा फ्रॉक या पोरीला देऊन जावं, एवढंही विजयमालाला सुचलं नव्हतं. लाजेनं तिची नजर वर होईना.

"गेल्या का मॅडम?" लंकाबाई हळहळली. "हिचंबी नाव घ्या म्हनून पाया पडनार हुते त्यांच्या. पन उघड्या पोरीला त्यांच्या म्होरं कशी नेऊ?"