होल्याच्या पंखाखाली तितर

अंड्यातून बाहेर पडून जेमतेम अर्धा दिवस झाला होता, तरी तितराचं पिल्लू ओडेटच्या पक्षीघरात जमिनीवर तुरुतुरु पळत होतं. होल्याची मादी त्याला घशातलं दूध भरवायला चोच पुढे करत मागे मागे फिरत होती. पिल्लू ढुंकूनही बघत नव्हतं.

“तिला कळत नाही का, ते तिचं नाहीये?” नोएमीने विचारलं.

ओडेटला ते जिव्हारी लागलं. नोएमीच्या बापाशी, रेमीशी लग्न करून ती या घरात आली, त्याला महिना झाला होता. रोज ती ताट वाढून पुढे करायची आणि ही दहा वर्षांची पोर आपल्या हाताने पावाला लोणी लावून घ्यायची. ओडेटने लाख लाडीगोडी लावली, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

परवा गवत कापताना रेमीच्या यंत्राखाली तितराचं घरटं आलं. आई गेली, एक अंडं वाचलं. अशी अंडी उबवायला खुडूक कोंबडीखाली ठेवायची, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. पण तेव्हा एकही कोंबडी खुडूक नव्हती, म्हणून ओडेटने ते आपल्या लाडक्या होल्याखाली सारलं होतं.

“काहीच खात नाही गं. मरेल अशाने,” ओडेट रडवेली झाली.

“अगं, होल्याचं पोर आईच्या घशात चोच घालतं,” नोएमी म्हणाली. “ तितराचं तसं नसतं. त्याची आई भरवत नाही, नुसतं दाखवते.”

नोएमी धावत गेली आणि फावड्यावर अख्खं वारूळच घेऊन आली. मुंग्यांच्या अंड्यांवर तिने बोट टकटकवलं. पिल्लाने एक टिपलं, मग हावऱ्यासारखी सात-आठ.

“आगाऊ कार्टं!” ओडेटला हसू फुटलं. “मग आईने करायचं तरी काय?”

“ऊब द्यायची.”

पोट भरल्यावर पिल्लू कुडकुडायला लागलं. होल्याची मादी तिथेच जमिनीवर बसली, पंख जरासा उचलला. पिल्लू आत शिरलं. दोघी कितीतरी वेळ बघत राहिल्या.

“तुला भूक लागली असेल. सूप आणते,” ओडेट उठायला लागली.

नोएमीने खिशातून लोणी लावलेला पाव काढला.

“माझं आहे माझ्याकडे. तू बस ना. इकडे सरक, मला वारा लागतोय.”