मास्तरांची सोंगटी

पक्षाघात झाल्यापासून सात महिने मास्तरांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. विद्यापीठात मनोरंजन-उपचार शिकणारी एक मुलगी प्रात्यक्षिकासाठी आठवड्यातून तीनदा घरी यायची आणि त्यांच्याशी ल्युडो खेळायची. ती समोर बसली की मास्तर थरथरत्या हातानं फासा टाकायचे, अगदी खळखळून हसायचे. बायकोबरोबर मात्र दुसऱ्याच डावात जांभया! काकूंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी त्यांनी मुलीला दारातच गाठलं. "काय गं, चाळीस वर्षं संसार केला मी, आणि हसणं तेवढं तुझ्या वाट्याला? असं कोणतं शास्त्र शिकवतात तुला तिथं?"

"काकू, तुम्ही त्यांना मुद्दाम जिंकू देता. मी त्यांची सोंगटी मारते."

दुसऱ्या दिवशी काकूंनी घराच्या तोंडाशी आलेली मास्तरांची सोंगटी बेधडक मारली. मास्तर लालबुंद झाले. ओठ हलले, आणि अडखळत आवाज फुटला, "र... रडीचा डाव!"

काकूंनी डोळे पुसले आणि त्यांची आणखी एक सोंगटी मारली.



पुढच्या खेपेला मुलीनं विचारलं, "काही फरक वाटतो का, काकू?" तेव्हा "छे गं, कुठं काय!" म्हणत काकूंनी ते पहिले शब्द स्वतःपाशीच ठेवून घेतले.