कांदा चिरणारा खलनायक

पडद्यावर शंकुण्णीने सुरी उचलली, तशी शेवटून दुसऱ्या रांगेतल्या बाईने मुलीला मांडीवर ओढून घेतलं.

तिच्या मागच्याच खुर्चीत खुद्द शंकुण्णी बसला होता, शेजारी दिग्दर्शक ईप्पन. केरळातल्या पालक्काडला पहिल्या दिवशीचा पहिला खेळ, आणि थिएटर गच्च भरलेलं. ईप्पनने आधी भुताचा सिनेमा काढला होता, मग खुनाच्या तपासाचा, मग फुटबॉलचा. आता काय असेल ते कधीच कळायचं नाही, म्हणूनच लोक धावत यायचे. या खेपेला त्याने विनोदी काढला होता, आणि नायक म्हणून घेतला शंकुण्णी. तीस वर्षं पडद्यावर त्याने नुसती माणसं मारली होती. या चेहऱ्याला कोणी हसणार नाही, असं निर्मात्याने ईप्पनला परोपरीने सांगून पाहिलं होतं.

पडद्यावरचा शंकुण्णी निवृत्त पोस्टमास्तर होता. बायको माहेरी गेलेली, आणि हा जन्मात पहिल्यांदा सांबार करायला निघालेला. त्याने कांदा चिरला. डोळ्यांतून धारा लागल्या. थिएटर चिडीचूप. आता कोणाचा गळा चिरला जातोय, याची लोक वाट बघत होते.

"माझ्यापायी बुडालास तू," शंकुण्णी पुटपुटला.

"थांबा, चेट्टा." ईप्पनने त्याचा हात धरला. थोरल्या भावाला म्हणावं तसं तो शंकुण्णीला चेट्टा म्हणायचा.

पोस्टमास्तरने डोळे पुसायला चाचपडत एक फडका उचलला. नेमका तिखटाचा. तो ओट्यापाशी थयथय नाचायला लागला आणि पाणी समजून त्याने अख्खं ताक डोक्यावर ओतून घेतलं.

मांडीवरची मुलगी खुदकन हसली. आईने तिला गप्प केलं आणि मग स्वतःलाच हसू आवरेना. बघता बघता सगळं थिएटर हसत सुटलं.

मध्यंतराला दिवे लागले. बाईने सहज मागे वळून पाहिलं आणि ती दचकली. मुलगी मात्र खुर्चीवर चढून त्याच्याकडे निरखून बघत राहिली.

"अंकल, अजून झोंबतायत डोळे?"

"थोडे थोडे," शंकुण्णी म्हणाला.

पुन्हा सिनेमा सुरू झाला तरी तो आत आला नाही, म्हणून ईप्पन त्याला शोधत बाहेर आला. शंकुण्णी बंद दाराशी उभा होता. आतून हशा ऐकू येत होता.

"तू जा. पडद्यावर काय आहे ते मला ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला आणि त्याने दाराच्या लाकडाला कान लावला.