रस्त्याचं लोणी

टेम्पो चालू असताना बायकोला झोप लागली, हे लोणीवाल्याला आधी खरंच वाटेना. लग्न झाल्यापासून ती या सीटवर बसत आली होती. पण एका हातानं वरची दांडी आणि तोंडानं देवाचं नाव घट्ट धरून. आज तिची मान खांद्यावर कलली होती आणि दोन्ही हात मांडीवर कोणी विसरून गेल्यासारखे पडले होते.

महामार्गाची फीत कालच कापली होती.

लोणीवालाही गाडी चालवताना पहिल्यांदाच समोर बघत होता. जुन्या रस्त्यावर त्याची नजर पुढच्या खड्ड्याच्या पलीकडे कधी गेलीच नव्हती. आता खाली बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यानं मान वर केली, तर समोर सगळा मुलूखच. जिला वळसा घालण्यात बापाचं आयुष्य गेलं, ती टेकडी साबणाची वडी कापावी तशी मधोमध कापून ठेवली होती. नदी आली कधी आणि गेली कधी, कळलंच नाही; एरवी तिच्यात गाडी घालण्याआधी लोक घरच्यांचा निरोप घेत. समोरून येणारी वाहनं पलीकडच्या पलीकडे जात होती. शिवी देण्याजोगं कोणी भेटतच नव्हतं.

"अगं, ऊठ. बघ तरी."

"पोचलो?"

"नाही. पण पोटातलं पाणी हललं का तुझ्या?"

तिनं जरा अंदाज घेतला. "नाही." मग ती बराच वेळ काचेबाहेर बघत राहिली. खाली शेतातली माणसं कामं टाकून वर बघत होती. "अहो, हे एवढं आपल्यासाठी केलंय?"

"आपल्यासाठीसुद्धा," तो म्हणाला. मोठ्या माणसाच्या दिवाणखान्यात बसल्यासारखा त्याचा आवाज आपोआप खाली आला होता.

शहरात पोचले तेव्हा हॉटेलवाला तोंडात ब्रश धरून दारात उभा होता.

"मामा, उडत आलात की काय?"

"तसंच समजा," लोणीवाला म्हणाला आणि ऐटीत डबा उतरवून त्यानं झाकण उघडलं.

तिघंही वाकले. आत साय होती. पहाटे भरली तशीच. तिच्यावर साधी सुरकुतीसुद्धा नव्हती.

त्यांच्या घरात लोणी कधी कोणी काढलं नव्हतं. विरजलेली साय डब्यात भरायची, झाकण आवळायचं आणि शहराची वाट धरायची. पुढचं खड्डे बघून घेत. शहरात डबा उघडला की वर लोणी, खाली ताक. आजोबांच्या बैलगाडीपासून हे असंच चालत आलं होतं. हॉटेलात पाव-लोणी खाणारे जाणकार या चवीचं श्रेय गाईंच्या चाऱ्याला देत.

"लोणी कुठंय?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"हललंच नाही," बायको म्हणाली.

हॉटेलवाल्यानं चूळ भरली. "मामा, आज दुपारी फॅक्टरीचा माणूस येतोय. पाकिटातलं लोणी, रोज पोच. इतके दिवस मी त्याला सांगत होतो, आमचं लोणी चुकत नाही. आता हा डबा त्याला दाखवू?"

"घुसळून देतो की."

"रवी आहे?"

"खड्डे असताना रवी कोण ठेवतं?" बायको म्हणाली.

"माझ्या मिक्सरात वाटीभर मावते. हा एवढा डबा पोरांनी हातानं ढवळला तर संध्याकाळ होईल." हॉटेलवाल्यानं खांदे पाडले. "तो यायच्या आत लोणी आणा. नाहीतर त्याला हो म्हणतो. मग उद्यापासून आलात तर चहा प्यायला या. राग मानू नका."

लोणीवाल्यानं डबा पुन्हा टेम्पोत चढवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हताच. "एवढ्या लांबून आलो," तो टेम्पो चालू करता करता बायकोला म्हणाला, "आणि सायीला पत्ता लागला नाही. काय रस्ता केलाय बाई!"

"केलाय खरा. आता जुना कुठं सापडतो ते बघा."

जुना रस्ता शहराबाहेर, महामार्गाच्या भरावाच्या पायथ्याशीच पडून होता. त्याला तोडायचेही कष्ट कोणी घेतले नव्हते. लोणीवाल्यानं टेम्पो त्यात घातला. जन्मभर ज्या खड्ड्यांना चुकवलं त्यांची घरं आज तो एकेक करून घेऊ लागला. हे डावीकडचं, ते उजवीकडचं, पुढचं मोरीजवळचं. बायकोनं पुन्हा दांडी धरली, देवाला बोलावलं आणि एक कान मागच्या डब्याकडे लावला. डबा डचमळत होता. आवाज अजून पातळच होता.

वरून एक लांबलचक ट्रक गेला. त्याच्या मागून एक पांढरी गाडी गेली, मग एक बस. तिच्या खिडकीत कोणीतरी डोकं टेकून शांत झोपलं होतं. लोणीवाल्याची मान आपसूक वर झाली, आणि तिथंच राहिली.

"अहो, वर काय बघताय?" बायको ओरडली. "खाली बघा! खड्डे चुकतायत!"