फक्त घशातून

"मूगु ब्याडा! नाकातून नाही!" सुकन्या नवऱ्याच्या कॉटसमोर आडवी उभी राहिली. "डॉक्टरांनी लिहून दिलंय, घशातूनच घ्यायचं."

"गोत्तिदे अक्का, माहीत आहे मला," नमुना घ्यायला आलेली रेखा पीपीई किटच्या आतून म्हणाली. "तुम्ही तेवढं बाहेर थांबा."

गोकुळ रोडवर लेथ चालवणाऱ्या प्रेमानंदच्या मेंदूच्या तळाशी गाठ होती. महिन्यापूर्वी याच दवाखान्यात ती नाकावाटे काढली. पण घरी गेल्यावर नाकातून पाणी टपकू लागलं. ती सर्दी नव्हती, मेंदूभोवतालचं पाणी झिरपत होतं. डॉक्टर प्रभंजन म्हणाले, पुन्हा ऑपरेशन करून भोक बुजवावं लागेल, आणि त्याआधी कोरोनाची टेस्ट. मात्र टेस्टची काडी नाकात गेली तर जिवावर बेतेल.

सुकन्याने ते काळजावर कोरून ठेवलं. गल्लीतली दोन धडधाकट माणसं त्याच आठवड्यात कोरोनाने नेली होती. तिने प्रेमानंदला डोळ्यांत तेल घालून जपलं, उंबऱ्याच्या आत कुणाला घेतलं नाही. शेजारपाजारचे सांगतील ते ते सगळं केलं. बिचारी आणखी काय करणार होती?

दोन मिनिटांत रेखा बाहेर आली. संध्याकाळी रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि सुकन्याला रडूच फुटलं. उद्या ऑपरेशन होणार होतं.

सकाळी प्रेमानंद तापाने फणफणला. मान लाकडासारखी ताठ झाली, बायकोलाही ओळखेना. पाठीतलं पाणी काढून तपासलं. मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग झाला होता. ऑपरेशन राहिलं बाजूला, माणूस हाती लागतो की नाही याचीच धास्ती पडली.

"जंतू नाकातूनच वर गेलेत," डॉक्टर म्हणाले.

सुकन्याच्या पायाखालची वाळू सरकली. "ती रेखा! मला बाहेर काढून तिनं काडी घातली!"

रेखाला बोलावलं. "पोरांची शपथ, सर, घशातूनच घेतला. अण्णांच्या नाकाला हातसुद्धा लावला नाही." तिचं कोण ऐकणार? खोलीत साक्षीला दुसरं कुणी नव्हतं, आणि प्रेमानंद शुद्धीत नव्हता. तिचं ओळखपत्र काढून घेतलं. ती जिना उतरेपर्यंत सुकन्या तळतळाट देत होती.

डॉक्टर तक्रार लिहून घ्यायला बसले. "म्हणजे तिच्याशिवाय कुणीही नाकात काही घातलेलं नाही. असंच लिहू ना?"

"लिहा, सर. दुसऱ्या कुणाला मी जवळ फिरकू दिलं नाही," सुकन्या पदराने डोळे पुसत म्हणाली. "कोरोना होऊ नये म्हणून लिंबाच्या रसाचे थेंब सोडायचे, तेसुद्धा माझ्याच हातानं. सकाळ-संध्याकाळ, दोन्ही नाकपुड्यांत."