माणशी अधिभार

"पप्पा, माझ्या विमानप्रवासाच्या साठलेल्या माईल्सवर तुमची दोन्ही तिकिटं फुकट मिळतायत," टोरांटोहून ज्युडिथ फोनवर म्हणाली. "फक्त इंधन अधिभार आणि टॅक्स भरायचा. माणशी..." आकडा सांगताना तिचा आवाज खाली गेला. जावयाची नोकरी नुकतीच सुटली होती.

"मला विमानाची भीती वाटते गं. तू आईलाच बोलाव," बस्त्याव म्हणाले.

त्यांची बायको पॉलिन एकटीच नातीच्या बाप्तिस्म्याला गेली. तिथे सगळ्यांना हसत सांगायची, "आमचा माणूस भित्रा आहे."

वर्षभरात बस्त्याव गेले. मयताच्या दिवशी सकाळी पापडी गावचा शिंपी नवाकोरा सूट घेऊन दारात आला.

"नातीच्या बाप्तिस्म्यासाठी शिवायला टाकला होता, बाई. न्यायला आलेच नाहीत. माप देताना सारखं विचारत होते, विमानात खिडकीजवळची जागा मागून मिळते का?"